गिरगावच्या वाड्या आणि पुनर्विकासाचा वाद

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी यंदाही काही ऐतिहासिक मजकूर द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. गेली काही वर्षे आम्ही कुलदैवते, आडनावांची मूळ गावे, जुन्या लग्नविधींतील चालीरीती असल्या निरुपद्रवी विषयांवर लिहीत आलो. यंदा तसे करणे मनास पटेना. आपल्या वाडीतील मंडळाच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा विचार करण्यासाठी गेल्या फाल्गुनात जी विशेष सर्वसाधारण सभा भरली, ती सायंकाळी सहापासून रात्री साडेदहापर्यंत चालली आणि कोणताही निर्णय न होता तहकूब झाली, हे बहुतेक सभासदांस ठाऊक आहेच. त्या सभेत दोन्ही पक्षांनी इतिहासाचे दाखले सढळ हाताने दिले. त्यांपैकी बरेचसे चुकीचे होते. उभा जन्म शिक्षकी पेशात गेल्यामुळे चुकीचे उत्तर ऐकून स्वस्थ बसणे आम्हांस जमत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

इमारतीविषयी नव्या पिढीच्या माहितीसाठी दोन शब्द. तळमजल्यावर सभागृह व वाचनालय, वरच्या दोन मजल्यांवर मिळून चोवीस बिऱ्हाडे. सागवानी खांब, सागवानीच तुळया, पुढे लाकडी कठड्याचे सज्जे आणि मागे सामाईक संडास. मालकी मंडळाची, आणि भाडेकरू बहुतेक आपलेच ज्ञातिबांधव. मागील बाजूस गेली सहा वर्षे टेकू लावलेले आहेत.

सभेत एका पक्षाचे म्हणणे असे पडले, की गिरगावातील वाड्या या अनादि काळापासून आहेत आणि त्या मोडणे म्हणजे पूर्वजांचा ठेवा मोडणे होय. अनादि काळ हा शब्द येथे फार सैल वापरला गेला. गिरगावचा परिसर मुळात मुंबईच्या कोटाबाहेरचा, नारळी-केळींच्या बागांचा. 'वाडी' या शब्दाचा मूळ अर्थच कुंपण घातलेली बाग असा आहे. केळेवाडी, फणसवाडी, आंबेवाडी ही नावे त्या बागांची साक्ष अजून देत आहेत. १८०३ साली कोटात मोठी आग लागली, कोटातील दाटी कमी करावी असे सरकारास वाटू लागले, आणि वस्ती कोटाबाहेर सरकत गेली. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. शहरात पैसा आला आणि माणसेही आली. बागेच्या मालकांनी झाडे तोडून प्रथम बैठी घरे आणि मग चाळी बांधल्या. तात्पर्य, ज्या वाडीस आज आपण पूर्वजांचा ठेवा म्हणतो, ती स्वतःच एका जुन्या ठेव्यावर कुऱ्हाड चालवून उभी राहिली आहे. त्या वेळी नारळीच्या बागांसाठी कोणी सभा भरवली होती की काय, हे इतिहासास ज्ञात नाही.

याचा अर्थ वाड्यांस काही मोल नाही असा मात्र नव्हे. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि १९०१ मध्ये तेथे लोकमान्य टिळकांनी भेट दिली, हे आपण सर्व अभिमानाने सांगतो. तो उत्सव चाळीत सुरू झाला, बंगल्यात नव्हे, यास कारण आहे. ज्या घराचे दार सज्ज्यात उघडते आणि ज्याच्या सज्ज्यातून शेजाऱ्याचे ताट दिसते, त्या घरातील माणसे वर्गणी गोळा करण्यास कोणाच्या निमंत्रणाची वाट पाहत नाहीत. आपले मंडळही अशाच एका सज्ज्यात स्थापन झाले, हे ज्येष्ठ सभासद जाणतात.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे याच्या नेमके उलट. जुने ते मोडायचेच असते, सरकार मोडू म्हणते, विकासक पैसे देतो, मग घोळ कशाचा? या पक्षातील तरुण बंधूंस आम्ही इतकेच सुचवू इच्छितो, की मोडून नवे करण्याचा मोठा प्रयोग या शहराने एकदा करून पाहिला आहे. १८९६ साली मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. दाट व कोंदट वस्ती हेच रोगाचे मूळ, असे ठरवून १८९८ च्या कायद्याने सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने नागपाड्यासारख्या वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले. समुद्राची हवा शहरात खेळावी हा हेतू. हेतूत खोट काढण्यासारखे काही नाही. परंतु पाडणे जितक्या झपाट्याने झाले तितक्या झपाट्याने गोरगरिबांसाठी बांधणे झाले नाही. उठवलेली माणसे शेजारच्याच चाळींत कोंबली गेली आणि तेथील दाटी वाढली. त्या काळी भाडेकरूस विचारण्याची पद्धतच नव्हती. जमीनमालकास नुकसानभरपाई, भाडेकरूस रस्ता.

त्याच ट्रस्टने दुसरीकडे केलेले काम मात्र आजही डोळ्यांत भरते. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखीव रस्ते, बागा आणि ठरावीक उंचीच्या इमारती उभ्या राहिल्या. ट्रस्टच्याच नोकरीत असलेले अभियंता मंचेरजी जोशी यांनी आपल्या पारशी समाजातील मध्यमवर्गासाठी तेथे १०३ भूखंड राखून घेतले, आणि त्यांतून दादर पारशी कॉलनी झाली. एका समाजाच्या जाणत्या माणसाने योग्य वेळी योग्य मेजावर अर्ज ठेवला, तर पुढच्या चार पिढ्या झाडांच्या सावलीत राहतात, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस तरी माहीत नाही. ज्ञातिसंस्थांनी ते मुद्दाम जाऊन पाहावे. किती मोकळी जागा सोडावी, किती मजले चढवावेत याची बंधने तेथे जमिनीच्या भाडेपट्ट्यांतच घातलेली होती. जपणूक ही बांधतानाच ठरली होती. ती मागाहून सुचलेली नव्हे.

आता आमच्या मते या सर्व वादाच्या मुळाशी असलेल्या गोष्टीकडे वळतो. सभेत साडेचार तासांत तिचा उच्चार एकदाही झाला नाही. ती गोष्ट म्हणजे भाडे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, मुंबईत भाड्यावर प्रथम नियंत्रण आले. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा आले. आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे म्हणून गोठवले गेले. फाळणीचे व टंचाईचे ते दिवस होते, आणि हा कायदा नसता तर आपल्यापैकी निम्मी कुटुंबे गिरगावात टिकलीच नसती, हे मान्य केले पाहिजे. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा अर्धशतक राहिला. त्याच्या जागी १९९९ चा कायदा आला तेव्हाही जुन्या भाड्यात फारसा फरक पडला नाही. आमच्या वडिलांच्या नावाच्या जुन्या पावत्या आम्ही जपून ठेवल्या आहेत. त्यांवर महिना अकरा रुपये आठ आणे भाडे लिहिले आहे. त्या साडेअकरा रुपयांत मंडळाने कौले शाकारावीत, तुळया बदलाव्यात, नळ दुरुस्त करावेत, अशी आपली अपेक्षा होती. पुढे आण्यांचे पैसे झाले, मुलाच्या शाळेची फी शतपटीने वाढली, भाजीची जुडी भाड्याहून महाग झाली. भाडे मात्र जागचे हलले नाही. खासगी मालकांनी दुरुस्ती सोडून दिली आणि पागडीवर डोळा ठेवला. मंडळाने पागडी घेतली नाही, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु मंडळाकडून दुरुस्तीही झाली नाही. इमारत पाण्याने कुजली असे आपण म्हणतो. ती आपल्या स्वस्त भाड्यानेही कुजली आहे, आणि त्या स्वस्ताईचा लाभ घेणाऱ्यांत प्रस्तुत लेखकाचे घराणेही आहे.

पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या तेव्हा सरकारला जाग आली. १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. शहरातील जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्या पैशांतून दुरुस्ती करावयाची, अशी ती योजना. त्या वेळी अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. त्यांत १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात धरल्या. आपली त्यांतलीच एक. पुढे हे काम म्हाडाकडे गेले. कितीही प्रामाणिकपणे केले तरी इतक्या इमारतींस टेकू लावणे यापलीकडे मोठीशी मजल त्या पैशांत गाठता येण्याजोगी नव्हती. मग १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३ (७) या कलमाने नवा मार्ग काढला. भाडेकरूंस फुकट नवे घर द्यावे, त्या बदल्यात विकासकास जादा चटईक्षेत्र मिळावे, आणि ते त्याने बाजारभावाने विकावे. पूर्वी यास शेकडा ७० भाडेकरूंची संमती लागे. २०१८ च्या नियमावलीत ते प्रमाण ५१ वर आले. सभेत एका वकील बंधूंनी ७० चा आकडा सांगितला, तो जुना होय. सध्याच्या नियमात किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळते. सध्या आपली खोली मोरीसकट १८० फुटांची आहे. ज्यांनी या खोलीत तीन भावंडांचा अभ्यास, एक बाळंतपण आणि एक आजारी म्हातारपण एकाच वेळी पाहिले आहे, त्यांस ३०० या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

याच सुमारास दुसरा एक विचार जोर धरीत होता. १९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. अशी नियमावली करणारे हे देशातील पहिले शहर. सहाशेहून अधिक इमारती व परिसर यादीत आले, त्यांच्या श्रेणी पाडल्या गेल्या, आणि त्यांत फेरफार करण्यापूर्वी तज्ज्ञ समितीचे मत घेण्याचे ठरले. येथून पुढे मुंबईतील प्रत्येक जुन्या मोहल्ल्यात आपल्यासारखाच वाद सुरू झाला. निरनिराळ्या ठिकाणी तो कसा मिटला, किंवा मिटला नाही, हे पाहणे उद्बोधक आहे.

आपल्याच शेजारची खोताची वाडी घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी ही जमीन ईस्ट इंडियन कुटुंबांस घरांसाठी विकली, असा तिचा इतिहास सांगतात. बाहेरून चढणारे लाकडी जिने, ओट्यांवरचे रंगीत कठडे, दारापुढचे क्रूस हे पाहण्यास आता परदेशचे पाहुणेही येतात. एके काळी तेथे ६५ घरे होती. आता ती तिशीच्या आत आली आहेत. तेथील रहिवाशांनी जपणुकीसाठी नेटाने झगडा दिला. ते शक्य झाले, कारण तेथे राहणारा आणि मालक बहुधा एकच. तरीही वाटण्या होतात, मुले परदेशी जातात, आठ वारसांपैकी पाच जणांस रोख रक्कम हवी असते, आणि गल्लीच्या तोंडाशी आणखी एक उंच इमारत उभी राहते. सरकारी यादी घराचा दर्जा ठरवते. कौले शाकारण्याचा खर्च मात्र यादीतून येत नाही.

शिवाजी पार्कची हकीकत याहून मौजेची आहे. १९२५ साली महापालिकेने तयार केलेल्या या मैदानास १९२७ साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने महाराजांचे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तेथेच गाजल्या. भोवतालच्या इमारती बहुतेक १९३० ते १९५० या काळातील, गोलाकार सज्ज्यांच्या, तीन-चार मजल्यांच्या. मैदानाविषयी तेथील रहिवासी अत्यंत जागरूक. गोंगाटाविरुद्ध ते उच्च न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये हे मैदान शांतता क्षेत्र ठरवून घेतले. परंतु २०१२ साली महापालिकेने वारसा यादीत नऊशेहून अधिक नव्या जागा घालण्याचा प्रस्ताव मांडला, आणि त्यात शिवाजी पार्कचा परिसर आला, तेव्हा याच रहिवाशांनी हरकतींचा पाऊस पाडला. वर्तमानपत्रांतून त्यांची टिंगल झाली; मैदान राखावे पण घर राखू नये, हा कुठला न्याय? आम्हांस त्यात विसंगती दिसत नाही. सत्तर वर्षांच्या काँक्रिटमधील सळया गंजलेल्या, उद्वाहन नाही, तिसऱ्या मजल्यावर पंचाहत्तरीची माता. तिला आपले घर वारसा म्हणून घोषित झाल्याचे कळले, तर तिने आनंद कोणत्या जिन्यावर उभे राहून मानावा? मैदान सर्वांचे आहे, त्याची किंमत सर्वांनी मिळून मोजली आहे. घराची जपणूक मात्र एकट्या घरवाल्याने करावी आणि तिचा आनंद रस्त्याने जाणाऱ्याने घ्यावा, असा तो हिशेब होता.

उलट बाजूस ओव्हल मैदानाचे उदाहरण ठेवावे लागते. तेथील रहिवासी संघाने उकिरडा झालेले मैदान स्वतःच्या कष्टाने सुधारले, मैदानासमोरील इमारतींच्या रांगेचे मोल लोकांस पटवून दिले, आणि अनेक नागरिक संस्थांच्या दीर्घ खटपटीनंतर २०१८ साली त्या सर्व परिसरास जागतिक वारसा म्हणून युनेस्कोची मान्यता मिळाली. नागरिकांनी मनावर घेतले तर काय होते हे त्यावरून दिसते. तेथील घरे ऐसपैस आहेत आणि स्वच्छतागृहे घरातच आहेत, इतकी पुस्ती आम्ही जोडतो.

आणि भेंडीबाजार. दाऊदी बोहरा समाजाने धर्मगुरूंच्या प्रेरणेने २००९ साली विश्वस्त निधी स्थापून साडेसोळा एकरांतील सुमारे २५० इमारती व ३,२०० कुटुंबे यांचा एकत्र पुनर्विकास हाती घेतला. बाहेरच्या विकासकाच्या नफ्यासाठी नव्हे, तर समाजाने समाजासाठी. पहिल्या मनोऱ्यांत २०२० च्या सुमारास बिऱ्हाडे राहावयास गेली. आपल्या सभेत या उदाहरणावर टाळ्या पडल्या. परंतु त्याच प्रकल्पात पाडावयाची असलेली पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी कोसळली आणि ३३ माणसे मृत्यू पावली, हे कोणी सांगितले नाही. काही कुटुंबे आधीच हलली होती; काही हलली नव्हती. टाळ्या वाजवणाऱ्यांनी आणि नुसता वाद लांबवणाऱ्यांनी, दोघांनीही हा दिवस ध्यानात ठेवावा.

आमच्या स्वतःच्या भूमिकेविषयी आडपडदा ठेवीत नाही. सभेच्या आरंभी हात वर करण्यास सांगितले गेले, तेव्हा आम्ही पुनर्विकासाच्या विरोधात हात वर केला होता. याच वाचनालयात आम्ही अक्षरे गिरवली, याच सभागृहात आमचे लग्न लागले. त्यानंतर दुसऱ्या मजल्यावरील एक भगिनी बोलावयास उठल्या. आजवर त्या सभेत कधी बोलल्याचे स्मरत नाही. त्या म्हणाल्या, की ही इमारत ठेवा म्हणणारे सहा जण त्यांनी मोजले. त्यांपैकी पाच जण आता पार्ले, बोरिवली आणि डोंबिवली येथे राहतात, आणि सहावे गुरुजी तळमजल्याच्या बाजूस राहत असल्यामुळे त्यांस रात्री दोन वाजता जिना उतरून मागे जावे लागत नाही. सभागृहात क्षणभर कोणी बोलले नाही. सहावे म्हणजे आम्हीच.

त्या रात्री घरी आल्यावर आम्ही हिशेबाची वही काढली. सभागृह आज ज्ञातीतील गरीब कुटुंबांस नाममात्र दरात लग्नकार्यास मिळते. विकासकाच्या नकाशात ते आठव्या मजल्यावर, वाहनतळाच्या वर, 'बहुउद्देशीय कक्ष' म्हणून दाखवले आहे, आणि मालकी मंडळाची की नव्या सहकारी सोसायटीची, याविषयी करारात अक्षर नाही. तेव्हा आम्हांस वाटू लागले, की मोडावी की राखावी हा प्रश्नच आपण चुकीचा मांडला होता. लाकूड राखता येणार नाही; बाकी काय काय राखावयाचे, ते लिहून घेतले पाहिजे.

त्यानुसार आम्ही व दुसऱ्या मजल्यावरील त्या भगिनी, अशा दोघांनी मिळून कार्यकारी मंडळास एक पत्र दिले आहे. सभागृह व वाचनालय तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर, मंडळाच्या मालकीचे असावे. सर्व बिऱ्हाडांचे पर्यायी जागेचे भाडे बँकेत आगाऊ जमा झाल्याखेरीज आणि बँकेची हमी मिळाल्याखेरीज एकही खोली रिकामी करून देऊ नये; अर्धवट पाडलेल्या इमारतींची बिऱ्हाडे वर्षानुवर्षे संक्रमण शिबिरात कुजताना आपण पाहिली आहेत. करार नोंदणीकृत असावा आणि त्याची मराठी प्रत प्रत्येक घरी मिळावी. दर्शनी भागातील कोरीव खांब व देणगीदारांची संगमरवरी पाटी नव्या सभागृहात बसवावी. आणि पाडण्यापूर्वी साऱ्या इमारतीची मोजमापे घेऊन नकाशे व छायाचित्रे करून ठेवावीत. यांपैकी शेवटच्या दोन कलमांस तरुण पक्षाने विनातक्रार मान्यता दिली. पहिल्यावर विकासकाची कुरकुर चालू आहे. तळमजल्यावर दुकाने काढली तर त्यास अधिक पैसे मिळतात, हे उघड आहे. ते कलम सोडू नये, असा आमचा आग्रह राहील.

तहकूब सभा दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी पाच वाजता याच सभागृहात भरणार आहे. परगावच्या सभासदांनीही यावे. इमारतीचा मूळ नकाशा मंडळाच्या दप्तरात सापडलेला नाही. कोणाच्या घरी जुन्या पेटीत नकाशा, भाडेपावत्या किंवा छायाचित्रे असतील, तर ती कार्यवाहांकडे पोचती करावीत, नक्कल करून परत मिळतील. आतापर्यंत दोन छायाचित्रे आली आहेत. त्यांपैकी एक गणेशोत्सवातील असून पहिल्या मजल्याच्या सज्ज्यात तेरा मुले उभी आहेत. बारा जणांची नावे लागली. डावीकडून चौथा, पांढरी टोपी घातलेला मुलगा कोण, हे कोणास ओळखता आल्यास कळवावे.